आमचं ऑटोइम्यून घराणं

मंगळवार पेठ, कोल्हापूर
५ मे २०२५

प्रिय आत्ती,

घाबरू नकोस, पत्र आलं म्हणजे कुणी गेलं-बिलं नाही. मी तेजू. आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलंय, उजव्या हाताची बोटं नीट चालायला हवी असतील तर रोज एक पान हातानं लिही. फोनवर टाइप केलेलं चालणार नाही म्हणे. डायरी लिहिली तर मम्मी वाचते. मग तू आठवलीस. तुला फोन लावला की तुझ्यापेक्षा म्हशीच जास्त ऐकू येतात, त्यापेक्षा पत्र बरं. शुद्धलेखन इंग्लिश मीडियमचं आहे, सांभाळून घे.

आता बातमी. एमएस, म्हणजे तो मेंदूच्या नसांचा आजार, आहेच, दोन वर्षं झाली. त्याच्या जोडीला आता थायरॉईड पण निघाला. एकावर एक फ्री. गेले चार महिने मी जी दिवसभर झोपून असायचे, ते सगळं एमएसमुळं नव्हतंच. अर्धं थायरॉईडमुळं होतं आणि आम्ही सगळे एमएसलाच शिव्या देत होतो. तो पण ऑटोइम्यूनच, म्हणजे एमएसच्याच जातीतला आजार. नवीन डॉक्टर मॅडम खूप भारी आहेत. त्यांना माझं औषध बदलायचंय, पण काही औषधांनी थायरॉईड अजून बिघडू शकतो, म्हणून त्या आधी सगळी फॅमिली हिस्टरी मागतायत. थायरॉईड, लहानपणीची शुगर, सांधे सुजणं, सोरायसिस, कोड, काहीही.

मम्मी म्हणाली, लिही, कुणालाच काही नाही. इतक्या पटकन म्हणाली की मला डाउट आला. तीच मम्मी गल्लीत सगळ्यांना सांगते की तेजूच्या मणक्यात गॅप आहे. माझ्या आजाराचं खरं नाव आमच्या घराबाहेर तुमच्या घरातल्या तिघांशिवाय, म्हणजे तू, जोतीराममामा आणि तुझ्या स्वप्नालीशिवाय कुणाला माहीत नाही.

पप्पांच्या बाजूचं तुलाच माहीत असणार. विचार करून कळव. माझ्या औषधाचा प्रश्न आहे.

तुझी तेजू

सिद्धनेर्ली
१३ मे

चि. तेजूस आत्तीचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन दारात येऊन म्हणाला, मावशी, तुमची भाची वकील झाली व्हय, एवढं जाड पाकीट. आमच्यात सगळं बरं हाय. स्वप्नालीचं जमल्यात जमा हाय. पोरगा धैर्यशील, शिवाजी पेठेतला, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीमधी मशीनवर हाय. पोरगा शांत हाय. आई जरा कडक हाय. तुळशीची लग्नं झाली की बार उडवायचा म्हणत्यात.

आपल्या घरात तसलं कुणाला काय न्हाय. औषध घेत जा.

१५ मे

वरचं लिहून पाकीट बंद केलतं. दोन दिस तसंच देव्हाऱ्यापाशी ठेवलं. आज फोडलं.

तेजू, मला कोड हाय. स्वप्नाली तीन वर्षांची होती तवा गुडघ्याखाली पहिला डाग आला. मग मनगटावर, मग बोटांवर. पाय लुगड्यात झाकत्यात, दंड लांब बाहीत. हाताला बारा महिने मेंदी लावती. लोकं म्हणत्यात बाळाबाईला लई हौस. म्हणू देत. तू ल्हान असताना म्हणायचीस, आत्तीसारखी मेंदी काढ. मी तुला काढायची आणि मला रडू यायचं.

तुझ्या मामांस्नी ठाव हाय, तुझ्या आईला ठाव हाय. स्वप्नालीला ठाव हाय, पर आम्ही त्यावर बोलत न्हाय. तुझ्या आईनं कुणालाच काय न्हाय म्हटलं त्ये माझ्याचसाठी. तिला बोलू नको.

तुझ्या औषधाचं हाय म्हणून लिवलं. डॉक्टरला सांग. बाकी कुणाला न्हाय. वाचून झाल्यावर हा कागद फाड.

आत्ती

मंगळवार पेठ
२४ मे

प्रिय आत्ती,

फाडला. खरंच.

डॉक्टर मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, हे कळलं ते फार बरं झालं. आत्ती, तुला माहितीये का, आपण दोघी एकाच टीममध्ये आहोत. समज शिवाजी पेठेची फुटबॉल मॅच चाललीय आणि मधेच आपलेच डिफेंडर आपल्याच गोलकीपरला पाडायला लागले. तसं आहे हे. माझ्यात ते मेंदूच्या नसांवरचं कव्हर खातात, वायरवरचं प्लास्टिक सोलल्यासारखं. मग थायरॉईडच्या मागं लागले. तुझ्यात कातडीचा रंग खातात. एमएसवाल्या माणसात दुसरा ऑटोइम्यून निघणं किंवा त्याच्या घरात कुणाला असणं, हे अगदीच नवलाचं नाही म्हणे. आणि यातलं काहीही हात लावून, ताटात जेवून लागत नाही. इतकी वर्षं तू कशाला लपवत बसलीस गं.

मॅडम म्हणाल्या, तुझ्या आत्याला थकवा येत असेल, वजन वाढलं असेल तर एकदा थायरॉईडचं रक्त तपासून घ्या. तू दुपारी बसल्या बसल्या झोपतेस ना? मामा तुला आळशी म्हणून चिडवतात. ते कदाचित आळस नसेलच.

तीस मेला एमएस दिवस असतो. इथं एका हॉलमध्ये पेशंट लोकांचा कॅम्प आहे, पोस्टरची स्पर्धा पण आहे. मी भाग घेतलाय. खूप दिवसांनी काहीतरी करावंसं वाटतंय. रक्त नक्की तपास.

तुझी तेजू

सिद्धनेर्ली
१२ जून

तेजू,

सोमवारी दुपारी धैर्यशीलची आई आणि त्याची वैनी न सांगता आल्या. मी गोठ्यात. हात धुऊन आले. मेंदी पंधरा दिसांची, उडालेली. स्वप्नाली शिलाईच्या क्लासला गेलती, त्येवढं बरं झालं.

वैनीनं फोन पुढं केला. तुझ्या स्टेटसचा काढून ठेवलेला फोटो. वर मोठ्या अक्षरात "आमचं ऑटोइम्यून घराणं". झाड काढलंस. पानं काढलीस. एका पानावर माझं नाव, बाळाबाई जोतीराम चौगुले, सिद्धनेर्ली, कोड. अक्षर तुझंच. पत्रातलं.

विहीणबाई वाईट बोलल्या न्हाईत. त्या म्हणाल्या, "राग मानू नका, नुसती बाही वर करा." मी केली. डावी. उजवी करा म्हणाल्या न्हाईत. वैनी खाली बघत हुती.

मग त्यांनी विचारलं, ह्यात बुंध्यावर पेशंट, वय २४, असं लिवलंय ती कोण? मी म्हटलं, मला ठाव न्हाय.

कळवतो म्हणून गेल्या. तुझ्या मामांनी दोन दिस भाकरीला हात लावला न्हाय.

तेजू, मी फोटो चार येळा बघितला. चष्मा लावून. त्यात तुझं नाव कुठं हाय?

आत्ती

मंगळवार पेठ
२३ जून

आत्ती,

हे चौथं पत्र. आधीची तीन न पाठवता फाडली, त्यांत मी कारणं दिली होती. वाचल्यावर माझाच मला राग आला.

खरं लिहिते. पोस्टरवर पेशंटचं नाव लिहायचं नाही, असा नियम होता, असं मी त्यातल्या पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तसा काहीच नियम नव्हता. मीच लिहिलं नाही. हॉलमध्ये आपल्या पेठेतलं कुणी आलं तर, ऑफिसमधलं कुणी आलं तर, म्हणून मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून गेले होते. आत गेल्यावरही सोडला नाही. पण झाड रिकामं रिकामं दिसत होतं. नावं लिहिली की खरं वाटतं ना, म्हणून तुझं नाव लिहिलं. गाव सुद्धा लिहिलं. माझा हात जराही थांबला नाही. दुसरा नंबर आला. एक सर म्हणाले, किती धाडसी मुलगी आहे. मी थँक्यू म्हणाले.

आणि स्टेटस. मी तो मम्मीपासून हाइड केला होता. गल्लीतल्या सगळ्यांपासून, ऑफिसपासून. एकेक नाव शोधून टिक केलं. म्हणजे हे चुकीचं आहे, हे मला तेव्हाच कळत होतं. फक्त स्वप्नालीला बघायला आले होते त्या दिवशी त्या वहिनींनी माझा नंबर घेतला होता, ते लक्षात राहिलं नाही.

तू "मला ठाव न्हाय" म्हणालीस. तुझी बाही वर होती आणि तू माझं नाव झाकलंस. हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला, बोटांमुळं नाही.

पोस्टर फाडलंय. मी उद्याच शिवाजी पेठेत जाते. त्यांना सगळं सायन्स समजावून सांगते. हे लागत नाही, यात कुणाची चूक नसते, पोरांत येतंच असं नाही. मी नीट सांगेन.

तेजू

सिद्धनेर्ली
२७ जून

तेजू,

सायन्स घेऊन जाऊ नको. तुझ्या सायन्सनंच इथपातूर आलोय.

जायचंच असलं तर मी सांगती त्ये सांग. म्हणायचं, काकू, माझी चूक झाली. आत्तीचं मनगट भाजलंय. स्वप्नालीच्या टायमाला उकळतं दूध सांडलतं, तवापास्नं कातडी पांढरी. मला ल्हानपणी कुणीतरी कोड म्हटलं आणि मी तसंच लिवलं. बास. त्यांनी एकच हात बघितलाय.

त्यांचा निरोप आलाय. लग्न करतो म्हणत्यात, पर कन्यादानाला आम्ही बसायचं न्हाय. तुझ्या आईबापानं बसायचं. मी त्या दिवशी आत, सैपाकाकडं बघायचं. स्वप्नालीला अजून सांगितलं न्हाय. ही एकच पोरगी हाय मला.

एवढं कर. परत काय मागणार न्हाय.

आत्ती

मंगळवार पेठ
७ जुलै

आत्ती,

जाऊन आले. पप्पांनी रिक्षा करून दिली. जिना अरुंद आहे, एका हातानं भिंत धरून चढले.

तू सांगितलंस ते जसंच्या तसं सांगितलं. दूध, मनगट, माझी चूक. मला वाटलं होतं, अडखळेन. अजिबात नाही अडखळले. उलट मी वरून आणखी घातलं, की तेव्हा तुला सरकारी दवाखान्यात ॲडमिट केलं होतं. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोरी, लोकांच्या लेकीबाळींचं असं भिंतीवर लिहीत नसतात. तुझ्याबद्दल कुणी लिहिलं तर?" मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला पटलं.

मग त्यांनी विचारलं, पायाला काय झालंय. मी म्हणाले, स्कूटरवरून पडले. त्यांनी हळद घालून दूध घे म्हणून सांगितलं. निघताना म्हणाल्या, बरं झालं बाई सांगितलंस, घराण्यात तसलं काही नाही म्हणजे जिवाला घोर नाही.

आत्ती, त्या आता फोन करतील. कन्यादानाला तूच बसशील. तुझं काम झालं.

पण मला बरं वाटत नाहीये. खाली येऊन रिक्षात बसले तर रिक्षावाल्यानं पण विचारलं, ताई पायाला काय. त्याला पण स्कूटरच सांगितली. त्याला कशाला सांगितली?

तेजू

सिद्धनेर्ली
२५ जुलै

तेजू,

उशीर झाला. भाताची रोपं लावायची धांदल हुती. आणि लिवायचं सुचत नव्हतं.

तू तिथं जाऊन आल्याच्या दुसऱ्याच दिशी विहीणबाईंचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला, स्वप्नाली शेजारी शेंगा फोडत हुती. त्या गोड बोलल्या. म्हणाल्या, तुमच्या भाचीनं खुलासा केला, आता काय मनात न्हाय, कन्यादानाला तुम्हीच बसा. फोन ठेवला. स्वप्नाली म्हणाली, "आई, दूध कधी सांडलं गं?"

मी बी शेंगा घेतल्या. शेंगा फोडून झाल्या. मग पोरगी म्हणाली, उद्या मला एक डाग आला तर मी बी दूधच सांगू का?

आठ दिस मला जेवण गेलं न्हाय. पहिल्यांदा तुझा राग आलता, त्ये खरं हाय. पर आता तुला तिथं पाठवल्याची लाज वाटाय लागली. पाय ओढत जिना चढून गेलेल्या आजारी पोरीला मी खोटं बोलाय लावलं.

काल सकाळची एसटी धरली. स्वप्नालीला संगं घेतलं. शिवाजी पेठेत जाऊन विहीणबाईस्नी सांगितलं, भाजलेलं न्हाय, कोड हाय. दोन्ही हातांवर हाय, पायांवर हाय. भाची खोटं बोलली त्ये मी सांगितलं म्हणून. तिला बोल लावू नका. आम्ही उठून आलो. स्वप्नाली एसटीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. ल्हान असताना झोपायची तशी.

तुझं मी काय सांगितलं न्हाय. स्कूटरचं त्यांनी काढलंतं. मी त्यावर काय बोलले न्हाय.

एक विचारती. माझं दुधाचं खोटं तू माझ्या सांगण्यावरून बोललीस. तुझ्या पायाचं कुणाच्या सांगण्यावरून बोललीस?

आत्ती

मंगळवार पेठ
४ ऑगस्ट

आत्ती,

तुझं पत्र घेऊन मी मम्मीकडं गेले. मला वाटत होतं, उत्तर मम्मी आहे. मणक्यातला गॅप तिनंच काढला होता ना. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, सुरुवात मी केली, पण नंतर दोन वर्षं तू मला एकदाही थांबवलं नाहीस.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, कुणाच्याच सांगण्यावरून नाही.

परवा शिवाजी पेठेत गेले. पप्पांना खालीच थांबवलं. काकूंनी दार उघडलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमच्या घरातल्या बायका हप्त्याहप्त्यानं खरं सांगायला येतात. अजून कोण राहिलंय?" मी म्हणाले, मीच शेवटची. बसा म्हणाल्या नाहीत, मी उभ्यानंच सांगितलं. मी तेजस्वी विजयसिंह इंगवले. पोस्टरवरची पेशंट मीच. मला एमएस आहे. थायरॉईड पण आहे. स्कूटरवरून कधीच पडले नाही, मला स्कूटर चालवताच येत नाही. आत्तीचं नाव लिहिलं आणि माझं लपवलं, कारण मला लाज वाटत होती आणि तिची लाज मला माझी वाटली नाही.

माझी मराठी इतकी सरळ कधी येत नाही. बहुतेक घरी खूप वेळा म्हणून बघितलं होतं म्हणून.

काकू म्हणाल्या, आजाराचं मी समजून घेईन न घेईन, ते नंतर. पण माझ्या घरात बसून, माझ्या डोळ्यांत बघून तू खोटं बोललीस, आणि मी तुला हळद-दूध सांगत बसले. मी सॉरी म्हणाले. त्या म्हणाल्या, इंग्लिश नको. मग मी म्हणाले, चुकलं काकू. तरी त्यांचा चेहरा बदलला नाही. बदलायला पाहिजे असं पण नाही.

धैर्यशील आतल्या खोलीत होता, रात्रपाळी करून आलेला. जिना उतरताना मागनं आला, मला धरायला हात पुढं केला, मी धरला. खाली आल्यावर त्यानं विचारलं, "स्वप्नालीला होईल का हे?" मला टक्केवारी पाठ आहे, आत्ती. जिभेवर आली होती. मी म्हणाले, माहीत नाही. होऊ शकतं, नाही पण होणार. हे तिला विचार, तिला काय वाटतं ते. त्यानं मान हलवली आणि माझ्यासाठी रिक्षेचं दार उघडायला हात नेला, रिक्षेला दार नसतं हे लक्षात आल्यावर नुसताच उभा राहिला.

पुढं काय झालं, ते विचारायचा मला हक्क नाही. तू सांगितलंस तर ऐकेन.

तेजस्वी

सिद्धनेर्ली
१६ ऑगस्ट

चि. तेजूस आशीर्वाद.

धैर्यशीलनं फोन केलता. तुला नव्हं, मला नव्हं, सरळ स्वप्नालीला. तासभर घरामागच्या परड्यात बोलत बसली. आत येऊन म्हणाली, त्याला लग्न करायचंय. आई अजून तयार न्हाय, दिवाळीपातूर थांब म्हणतोय. हिनं सांगितलं, दिवाळी न्हाय, दसऱ्यापातूर काय त्ये ठरव. आणि कन्यादानाला माझीच आई बसणार, त्यावर बोलायचं न्हाय. मला हसू आलं. माझ्यात एवढा दम कधी नव्हता. व्हईल तर व्हईल. न्हाय झालं तर तुझ्यावर ढकलणार न्हाय, तसं मी तुझ्या मामांना बी सांगितलंय. त्यांचा राग अजून हाय. तो तुला सोसावा लागंल.

कागलला जाऊन रक्त तपासलं. थायरॉईड निघाला. उपाशीपोटी एक गोळी. तुझे मामा रिपोर्ट हातात घेऊन म्हणाले, आळशी म्हणलो की गं तुला पंधरा वर्सं.

शेजारच्या तानाबाईनं विचारलं, कसली गोळी? सांगितलं. मग म्हणाली, आणि तुझ्या भाचीला काय झालंय, मंगळवार पेठेतली, चालताना पाय ओढती ती? मी म्हटलं, तिलाच विचार.

येत्या रविवारी घुगऱ्या करती, ये. तानाबाई दिवसभर आमच्याच कट्ट्यावर असती. तिनं विचारलं तर काय सांगायचं, त्ये तू ठरीव. मी आत असंन, पर दार उघडं ठेवती.

तुझी आत्ती